बंडवाल्याचं अळणी पान

गावच्या नाक्यावर बंडवाल्याचा फलक लावायचं ठरलं आणि मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहरात, निजामपुऱ्यातल्या शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला गाव दुसरं काय सांगणार? गावच्या शेतांवर आता गोदामं उठताहेत, पण त्या व्यवहारात मला कोणी विचारत नाही.

बंडवाला म्हणजे आमच्या खाडीकाठचा पुढारी. गोऱ्या साहेबानं मिठावर कर बसवला तेव्हा त्यानं मिठागरांवरची माणसं गोळा केली, सरकारी कोठार फोडून मीठ वाटलं आणि दोन पावसाळे रानात काढले. शेवटी सापडला, फासावर गेला. पकडला गेला त्याच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी जेवला होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून पितृपक्षात आमच्याकडे पूर्वजांसोबत त्याचंही पान वाढतात. फक्त त्याच्या पानातल्या कशातच मीठ नसतं. बाबा सांगायचे, कराचं मीठ तोंडात घालणार नाही अशी त्याची शपथ होती. त्या अळणी पानाचा मला लहानपणापासून केवढा अभिमान!

मी ऐटीत लिहून टाकलं, 'याच गावातल्या एका घरानं त्याला आसरा दिला.' अनावरण बाबांच्या हस्ते होणार होतं. नव्वदीच्या बाबांनी त्यासाठी नवं धोतर आणवलं.

त्या पितृपक्षात घरी गेलो तर आत्या चुलीशी बसून बंडवाल्याची भाजी वेगळी काढत होती. मी कौतुकानं शपथेचा विषय काढला.

"कसली शपथ?" आत्या म्हणाली. "मीठ खायचा तो. आपल्याच घरचं खाल्लं, आन् आपल्याच माणसानं शिपायांना त्याची वाट दाखवली. आता कंच्या तोंडानं त्याला मीठ वाढायचं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या आयनं. तुझ्या बापाला त्याच्या बापानं वायलं सांगितलं असंल. मला काय ठावं?"

खरं काय, ते सांगणारे केव्हाच गेले होते. मला रागही आला, पण नेमका कुणाचा ते कळेना. वाट दाखवणाऱ्या आमच्या त्या पूर्वजाचं पान शेजारीच वाढलेलं होतं आणि त्याच्या भाजीत मीठ होतं.

बाबा ओटीवर बसले होते. त्यांना सरळ विचारायची हिंमत होईना, म्हणून फलकाचा मजकूर वाचून दाखवला. 'आसरा दिला' म्हणताच त्यांनी हात वर केला.

"जेवला, इतकंच लिव."

"का बाबा?"

"जेवला हे खरं हाय."

पुढे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. भित्रा मी, दुसरं काय! फलकावर 'जेवला' एवढंच लिहिलं, तरी अनावरणाला लोक बाबांच्या पाया पडत होते आणि ते मान खाली घालून उभे होते. ऊन लागत होतं म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्या वर्षी बाबा गेले. यंदा पहिल्यांदाच त्यांचं पान वाढलं. आत्यानं त्यांची भाजीही वेगळी काढली, तेव्हा मी मिठाची बरणी पुढे केली.

तिनं माझा हात धरला. "त्याला नको. त्यानंच सांगून ठेवलंय."

"कशासाठी? बंडवाल्याची शपथ म्हणून, की..."

"त्यानं सांगितलं न्हाय, आन् मी इचारलं न्हाय."

मी बरणी फळीवर ठेवली आणि ती दोन्ही अळणी पानं कुंपणाशी नेऊन शेजारी शेजारी मांडली.