टायरचं काळं

गाडी थांबली की तो आधी खाली उतरायचा, पुढच्या टायरवरून तळहात फिरवायचा आणि काळा झालेला तळहात माझ्यासमोर धरायचा. "मुन्शीजी, टायर झिजलं. झिजलं ते गेलं कुठं?"

निजामाच्या राज्यातले ते दिवस. परभणीहून झरीमार्गे बोरीला येणारी एकच सर्व्हिस मोटार होती, आणि हा तिचा ड्रायव्हर. मी बोरीच्या अड्ड्यावर तिकिटं फाडायचो, गाडी आल्याची वेळ वहीत लिहायचो. "हवेत गेलं," मी सांगायचो. त्याचं समाधान व्हायचं नाही. साध्याशा प्रश्नाला असं चिकटून बसणारं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

उत्तर मिळालं ते अड्ड्यासमोरच्या ओट्यावर. तिथं एक म्हातारी दिवसभर वाती वळत बसायची. मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला, म्हणून शिवरात्रीला महादेवापुढं लाख वाती लावायचा तिचा नवस होता. नजर अधू, त्यामुळं उन्हात बसल्याशिवाय तिला कापूस दिसत नसे. एका दुपारी तिनं ड्रायव्हरला हाक मारली.

"बाबा, हे बघ. मातीचा डाग असता तर धुतल्यावर गेला असता. हे नुसतं चोपडायलंय. अशा वाती द्येवाला कशा लावू?"

वात करडी पडली होती. त्यानं ती आपल्या काळ्या तळहाताशेजारी धरली आणि दोन्हींचा रंग ताडून पाहिला.

"अम्मा, हे माझंच हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीची चालच बदलली. पूर्वी तो भरधाव येऊन ओट्यासमोर करकचून ब्रेक दाबायचा. आता ओढ्यापासूनच वेग सोडायचा. गाडी थकल्या बैलासारखी सरकत यायची आणि अलीकडच्या लिंबाखाली थांबायची. उतारू बोचकी उचलून कुरकुरत चालत यायचे.

"वरात काढलीस का रे?" मी चिडवलं.

"जोरात दाबलं की लय झिजतं, मुन्शीजी. ते कुठं जातं, मला आता ठाव हाय."

गाडीला रोज उशीर व्हायला लागला. मी तो रोज वहीत लिहीत गेलो. दोन-चार वेळा मागंपुढं लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला माझ्या चोख वहीचा फार अभिमान. मालकांनी वही मागवली, आणि शिवरात्रीला आठ दिवस असताना त्याला कामावरून काढलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निघताना त्यानं सवयीनं टायरवरून हात फिरवला. "अम्माच्या वाती झाल्या का?"

"कालच झाल्या."

"मग झालं तर," म्हणत त्यानं हात पुसला आणि काम शोधायला सेलूच्या वाटेला लागला.

शिवरात्रीला म्हातारीनं तुपात भिजवलेल्या वाती महादेवापुढं रचल्या. पांढऱ्याशुभ्र ढिगावर एकच वात करडी होती, त्या दुपारी तिनं ड्रायव्हरला दाखवलेली. पुजारी ती काढायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बाकीच्या पांढऱ्या कुणामुळं ऱ्हायल्या, ते महादेवाला कळाय पायजे."

तिनं आधी तीच पेटवली. ती इतरांसारखीच जळली. ड्रायव्हर मला पुन्हा कधी दिसला नाही, आणि हे त्याला सांगायचं राहून गेलं.