ग्रहणात न कापलेली फिल्म

चि. रोहन आणि चि. मीरा, अनेक आशीर्वाद.

रोहन, तुझं पत्र मिळालं. आजोबांच्या जर्मन कॅमेऱ्यात फिल्म अडकते, तिथल्या दुकानदारालाही ती लावणं जमेना, असं लिहितोस. कॅमेरा ठीक आहे. त्याला मागून दार नाही, फिल्म खालून सरकवायची असते. त्याआधी तिचं टोक कात्रीनं कापून चार बोटं लांब, अर्ध्या रुंदीची जीभ करून घे. न कापता घातलीस तर ती आतल्या दातेरी चक्राशी अडकून बसेल. आणि प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढे नेताना दुसऱ्या टोकाची गोल कळ आपोआप फिरते का, ते बघ. फिरत नसेल तर फोटो काढत बसू नकोस... आत काहीच पुढे सरकत नाही.

हे मी कशी शिकले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन चौलला आले तेव्हा सासरी चकव्याच्या, खवीसाच्या गोष्टी रंगात यायच्या, आणि मी खोलीत जाऊन प्रत्येकीचं शास्त्रीय कारण वहीत लिहून ठेवायची. साल छत्तीस-सदतीसचा सुमार. तुमचे बाबा माझ्या पोटात होते, सहावा महिना.

घरात आजोबांच्या आत्या असत. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, डोक्यावरून लाल आलवण, गुडघे धरलेले, काठीशिवाय पाऊल उचलत नसे. त्यांचा एकुलता मुलगा दत्तू नोकरीसाठी नैरोबीला गेला त्याला बारा वर्षं झाली होती. दर पत्रात तो एकच मागायचा – आईचा एक फोटो. आईचा चेहरा आता नीट आठवत नाही, असं त्यानं लिहिलं, तेव्हा आत्याबाई दिवसभर जेवल्या नाहीत. पण विधवेनं फोटोला बसायचं, हे सासूबाईंना मुळीच खपलं नसतं.

सूर्यग्रहण आलं तेव्हा संधी मिळाली. सकाळी दहाला लागून बाराच्या पुढे सुटणारं, खंडग्रास. सगळं घर ग्रहणाच्या स्नानाला समुद्रावर गेलं. मी पोटुशी, म्हणून घरात. आणि आत्याबाईंना चालवत नव्हतं, म्हणून त्या.

त्यांना म्हटलं, आज काढू.  त्या म्हणाल्या, “इंदू, दत्तूनं मला शेवटची पाहिली ती रेवदंड्याच्या बंदरावर. उंडीच्या झाडाखाली उभी होत्ये. तिथंच काढ गो. घरात बसलेली म्हातारी काय, कुणाचीही असते.”

मी नाही म्हटलं. ग्रहणात पोटुशीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं कारण दिलं. एरवी ज्या नियमाला मी हसायची, तोच पुढे केला. खरं तर बैलगाडी कुणाकडे मागायची, लोक काय म्हणतील, सासूबाईंना काय सांगायचं... मला ती कटकट नको होती.

कॅमेऱ्यात फिल्म भरायला बसले. एकच रोल होता, सीलबंद. पाकीट फोडलं, कात्री उचलली, तर आत्याबाईंनी मनगट धरलं. ग्रहणात पोटुशीनं काही कापलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणे. मी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातलं टोक कापायचं चित्र दाखवलं.

“तुझ्या इंग्रजीला काय कळतंय पोटातलं? ठेव ती.”

मग तुम्ही कापा म्हटलं, तर त्यांचे हात कापरे. रोल बिघडेल अशी मला धास्ती. शेवटी तशीच, रुंद फिल्म दाबून बसवली. फिल्म पुढे न्यायची कळ फिरली, आकडा पुढे गेला. मला वाटलं लागली.

आत्याबाई मागच्या पडवीत बसल्या, मी दाराच्या आतून अकरा फोटो घेतले. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत त्यांचे दोन चेहरे दिसायचे, भिंगाची कड फिरवली की जुळून एक व्हायचा. ऊन फिकट, राखेसारखं झालं होतं. अकराव्यानंतर माझं लक्ष गेलं – दुसरी कळ फिरतच नव्हती. अकराच्या अकरा चेहरे फिल्मच्या एकाच तुकड्यावर एकावर एक!

“आला का गो नीट?”

“छान आला,” मी म्हटलं.

ती फिल्म मी परत डबीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली. चावी माझ्या कमरेला. टोक कापून पुन्हा काढू, असा बेत होता. पण घर नंतर कधी रिकामं झालंच नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना ताप भरला आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. मधे दोनदा त्यांनी विचारलं, दत्तूला धाडलास का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

फोटोचं आत्याबाईंनी तापात आजोबांना सांगितलं होतं; तेराव्यानंतर मुंबईला जाताना त्यांनी तो रोल धुवून आणायला मागितला. खरं सांगायचं धैर्य झालं नाही, ट्रंकेतून काढून दिला. आठवड्यानं ते परतले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “एकच आलाय, पण झकास आहे. बंदरावर कधी नेलंस तिला?”

आत्याबाई बंदराच्या पायरीवर उभ्या होत्या, उंडीच्या झाडाखाली. हातात काठी नाही. आलवणाचा पदर वाऱ्यानं एका बाजूला उडालेला, मागे खाडी, आणि नजर सरळ आमच्याकडे. त्यांच्या पायाशी पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे होते. कवडसे गोल असतात. हे सगळे चंद्रकोरीसारखे होते... तसे ते फक्त सूर्यग्रहण चालू असतानाच पडतात.

त्या वेळी त्या माझ्यापुढे पडवीत बसल्या होत्या.

मी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. सुरुवातीचा तुकडा काळाठिक्कर, माझ्या अकरा फोटोंचा. पुढे कोरी. आणि मधोमध, जो भाग डबीतून बाहेरच आला नव्हता, तिथे हे एक चित्र. स्टुडिओत अदलाबदल म्हणावी, तर चेहरा त्यांचाच. कुणी आधी काढला म्हणावं, तर रोल मी स्वतः फोडलेला, आणि कॅमेरा घरात आल्यापासून तोवर दुसरं सूर्यग्रहण झालेलं नव्हतं. पन्नास वर्षं मी याचं कारण शोधते आहे. अजून मिळालेलं नाही.

फोटो नैरोबीला पाठवला. दोन महिन्यांनी दत्तूभावोजींचं उत्तर आलं. “वहिनी, तिला तिथवर घेऊन जाणारं कुणीतरी होतं, एवढ्यावर मी आता जगेन.”

खरं काय ते लिहिलेली तीन पत्रं मी फाडली. चौथं पाठवलं. त्यात तब्येतीची चौकशी होती, पावसापाण्याचं होतं, आणि माझ्या वाट्याचे नसलेले त्यांचे आभार मी परत केले नव्हते.

तुमची आजी