पेणवरून आणलेला सायलेन्सर

डिझेलच्या धुराचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं, कारण आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या डिझेल जीपला सायलेन्सर बसवणं. जुना सडला होता, म्हणून पेणच्या भंगारवाल्याकडून दुसऱ्याच गाडीचा आणला. मेकॅनिक कशाला, घरीच बसवू म्हटलं. अंगणात डावी चाकं जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली, मी खाली शिरलो आणि ती बाजूला बसून नळी वर उचलून धरून राहिली. शेजारी जाता जाता बोलला, "वहिनी, आता गॅरेजची पाटी लावा." ती हसली. भोकं काही जुळेनात. ती म्हणाली, "अहो, हात भरून आलाय, छातीत पण कसंतरी होतंय." राग भंगारवाल्याचा होता, काढला तिच्यावर. "गप धर गो, आता सोडलंस तर परत पहिल्यापासून." थोड्या वेळानं ती परत तेच बोलली. मी शिवी घातली. दोन्ही बोल्ट लागेपर्यंत तिनं धरलं. मग चहा ठेवायला आत गेली ती तिथंच पडली. त्याच गाडीतून अष्टमी गावाजवळचा नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या दवाखान्यात नेली, पण डॉक्टरनं नाडी बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. सगळे त्याला सांगत होते, अचानक गेली, कुणाला कळलं पण नाय. मला ते ऐकवेना. त्याला गोठ्यामागं नेलं आणि सांगितलं, "अचानक नाय गेली. दोनदा बोलली मला. मीच सोडू दिलं नाय."