पुरुषाचा म्हणून ओळखता न येणारा शर्ट

फिलिपिन्समधल्या सेबूच्या बंदरावर क्लिअरिंग एजंट म्हणून मी जेवढी वर्षं काढली, त्यातली निम्मी तेओफिलो आबार्केसशी भांडण्यात गेली आणि उरलेली निम्मी त्याची वाट बघण्यात. कपड्याच्या मालाला नंबर लावणारा तो कस्टमचा साहेब. जगात जे काही शिवलं-विणलं जातं, त्या प्रत्येकाला टॅरिफच्या पुस्तकात एक नंबर असतो, आणि तो नंबर ठरेपर्यंत तुमचा कंटेनर यार्डात तापत पडतो. सगळे त्याला नोंग फिलो म्हणत. नोंग म्हणजे दादा, तसंच नांग म्हणजे ताई; मी नांग ओसांग. मी वयाने मोठी, म्हणून नुसतं फिलो म्हणायची. तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणायची ते इथे नको.

माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर आमचं कधीच जमलं असतं. पाकीट घेत नसे, चहासुद्धा घेत नसे. ख्रिसमसला एकदा मी हॅम पाठवलं तर ते माणसाबरोबर परत आलं, आणि माणसाचं येण्याजाण्याचं भाडं यानेच दिलेलं. दुपारी फाटकाबाहेर उभा राहून सुक्या माशाबरोबर पुसो, म्हणजे विणलेल्या झावळीत शिजवलेला भात, खायचा, आणि भात संपला की हातातलं झावळीचं वेष्टण उलटसुलट करत बसायचा. म्हणायचा, "ही टोपली धरायची की विणकाम, नांग ओसांग?" माझ्या भाचीच्या लग्नात नवरी चर्चमध्ये शिरली, बायकांनी रुमाल काढले, आणि हा माझ्या कानाशी लागला, "डोक्यावरची ओढणी जाळीची आहे, पण काठ लेसचा आहे. काय धरायचं?"

"नवरी धर आणि गप्प बस," मी म्हटलं.

तर असा हा गृहस्थ, आणि त्याच्यासमोर एके दिवशी माझा तो माल आला.

माल सिओ मॅडमचा. त्यांचं औषधांचं, चाकाच्या खुर्च्यांचं, काठ्याकुबड्यांचं दुकान. त्यांनी व्हिएतनामहून होजिअरीचे शर्ट मागवले होते, हात न उचलणाऱ्या माणसांसाठी. पुढून बघाल तर साधा कॉलरचा टी-शर्ट, चारचौघांत घालावा असा. पण मागून मानेपासून कमरेपर्यंत उघडा, आणि खांद्यापाशी टिचबटणं. आजाऱ्याला उचलायचं नाही, वाकवायचं नाही. समोरून बाह्या चढवायच्या आणि मागे बटणं लावून टाकायची. निम्मे पुरुषांचे, निम्मे बायकांचे. मीही कागदावर तसंच लिहिलं होतं, आणि तेवढ्या एका गोष्टीत तरी माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

फिलोने एक तपकिरी शर्ट टेबलावर पसरला, उलटा केला, सुलटा केला.

"पुढे उघडत नाही," तो म्हणाला.

"नाही उघडत. म्हणूनच तर केलाय तो."

"मग पुरुषाचा कशावरून?"

मी पुढच्या तासाभराची मनातल्या मनात तयारी केली. त्याने पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं असं की होजिअरीच्या कपड्याची पुढची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. आणि पुरुषाचा की बाईचा हे ज्याच्यावरून काहीच ओळखता येत नाही, तो बाईचा.

"हे लिहिणारा बाप्याच असणार," मी म्हटलं. "ओळखू येत नाही ते सगळं बाईच्या गळ्यात. अरे, खांदा बघ त्याचा, केवढा रुंद आहे. हा काय बाईचा खांदा आहे?"

फिलोने माझ्या खांद्यांकडे बघितलं आणि सौजन्याने मान खाली घातली.

आता खरी गंमत ऐका. ड्युटी किती, तर शून्य. शेजारच्या देशातला माल, करार झालेला. पुरुषाचा धरला तरी शून्य, बाईचा धरला तरी शून्य. सरकारचं जात काही नव्हतं आणि येतही काही नव्हतं. पण नंबर चुकला म्हणजे डिक्लेरेशन चुकलं, आणि चुकलेल्या डिक्लेरेशनचा माल फिलो आबार्केसच्या हातून कसा सुटेल? म्हणाला, दुरुस्ती करून सगळे शर्ट बायकांचे म्हणून लिहा आणि घेऊन जा. सिओ मॅडम म्हणाल्या, मुळीच नाही. उद्या दुकानात पुरुषांच्या कप्प्यात हेच शर्ट दिसले तर दुसरा कोणी साहेब येऊन कागदावर बोट ठेवेल. दोघांचंही खरं. माझं मात्र मधल्या मधे मरण झालं. माल यार्डातच राहिला.

आणि हे चाललेलं असताना फिलोच्या घरात त्याचा बाप उघडा बसलेला होता.

तातय अंबो. तातय म्हणजे बाबा. फिलोचे बाबा, पण बंदरावरचे सगळेच त्यांना तातय म्हणायचे. एके काळी हमालांचे मुकादम. त्यांनी शिटी वाजवली की अख्खा धक्का हलायचा. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. नुसता गेला असता तर एक वेळ ठीक, पण खांदा असा आखडला की शर्टाच्या बाहीत हात घालायचा म्हटलं की म्हातारा गुरासारखा ओरडायचा. शेवटी शर्ट घालणंच सुटलं. खांद्यावर चादर टाकून आतल्या खोलीत बसायचे आणि दारात कोणी आलं की फिलोला ओरडून सांगायचे, "दोंग, पडदा लाव." पन्नाशी उलटलेल्या कस्टमच्या साहेबाला घरी दोंग म्हणायचे, बाळ्या म्हणतो ना तसं.

फिलोची बायको बेलिंग इटलीत. काम काय, तर तिकडच्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी आंघोळ घालून कपडे चढवायचे. तिच्या पगारावर इकडे सासऱ्याची औषधं चालायची. म्हणजे जगाचा सासरा झकपक आणि घरचा चादरीत. मी एकदा तातयसाठी सूप घेऊन गेले होते, तेव्हा तिचा फोन आला.

"फिलो, पाठीत उघडणारे शर्ट मिळतात रे," ती म्हणाली. "माझ्याकडचे दोन्ही आजोबा तेच घालतात. जरा शोध की तिकडे."

"माहीत आहेत. माझ्या टेबलावर एक आहे."

"मग आण ना घरी."

"तो नमुन्याचा आहे. सरकारचा आहे तो."

बेलिंगने तिकडे कपाळावर हात मारला, तो इथे ऐकू आला. मग म्हणाली, "नांग ओसांग, तुम्ही तिथे आहात ना? माझ्यातर्फे त्याला एक टपली द्या." मी दिली. काही उपयोग झाला नाही.

तातयला एकच मित्र होता, गोर्यो. दोघांनी तरुणपणी एकाच धक्क्यावर पोती वाहिली, एकाच मुलीच्या मागे लागले, ती गोर्योला मिळाली. मग जन्मभर एकमेकांच्या कोंबड्यांवर उलट पैजा लावल्या. झटका आल्यावर गोर्यो दर रविवारी चर्चमधून सुटल्यावर यायचा. पण तातय त्याला आत येऊ देत नसत. चादरीतलं ध्यान त्याने बघायचं नाही. मग गोर्यो बाहेर खिडकीखाली स्टूल टाकून बसायचा, आणि दोघं मधे पडदा ठेवून एकमेकांना शिव्या घालायचे. तासभर शिव्या झाल्या की गोर्यो तृप्त होऊन घरी जायचा.

अशाच एका रविवारी तो आला नाही. सोमवारी कळलं, झोपेतच गेला.

मयताच्या घरी आमच्याकडे दिवसेंदिवस बैठक चालते. कॉफी, बिस्किटं, पत्ते. पण तातय काही जेवेनात, बोलेनात. बुधवारी म्हणाले, "मला गोर्योकडे ने."

फिलोने चाकाची खुर्ची आणली. म्हातारा म्हणाला, "चादर पांघरून जाणार नाही. इतकी वर्षं त्याला बघू दिलं नाही, आता मेल्यावर काय दाखवू? शर्ट घाल मला."

फिलोने त्यांचा ठेवणीतला बारोंग काढला, भरतकामाचा, लग्नाकार्याचा शर्ट. उजवी बाही कोपरापर्यंत गेली आणि तातयची शुद्ध गेली. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "पुन्हा घाल." फिलोचं धाडस झालं नाही. शनिवारी गोर्योला पुरणार होते.

गुरुवारी सकाळी फिलो माझ्या ऑफिसात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसलाही नाही.

"नांग ओसांग, त्या शर्टांचं डिक्लेरेशन दुरुस्त करा. कृपा करून."

"तू कर. पुरुषाचा नंबर मान्य कर, दुपारी माल सुटेल."

"मला ते करता येत नाही."

"आणि आज एवढी घाई का?"

त्याने सगळं सांगितलं. सांगताना टोपी हातात फिरवत होता. माझा राग डोक्यात गेला. "अरे दगडा, टेबलावरचा तो शर्ट उचल आणि बापाला घाल. कोण मोजतंय?"

"मी मोजीन," तो म्हणाला.

त्याला मारावं की त्याच्यासाठी मेणबत्ती लावावी, मला कळेना. शेवटी सही मीच केली. सगळे शर्ट बायकांचे. सिओ मॅडमनी फोनवर मला जे ऐकवलं ते मी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. दुपारी माल सुटला, शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं, तर रांगेत पहिला फिलो. तपकिरी शर्ट घेतला, पावती घेतली.

शर्ट घालायला मीही गेले होते. काही म्हणजे काही त्रास झाला नाही. बाह्या समोरून सरकवल्या, मागे टिचबटणं टकटक लावली. तातय आरशात बघतच राहिले. म्हणाले, "नवरदेव दिसतोय मी." मग सहज विचारलं, "इतके चांगले शर्ट आणि बंदरावर अडवले कोणी होते?"

"मी," फिलो म्हणाला.

"का रे?"

मी खोकले. मी त्याच्या पायावर पाय दिला. पण त्याने सगळं सांगितलं, डावी बाजू, उजवी बाजू, ओळखता न येणं आणि शेवटी काय ठरलं तेसुद्धा.

तातयनी मान खाली घालून शर्टाकडे बघितलं. मग डावा हात छातीवर नेला आणि बटण शोधू लागले. पुढे बटण होतं कुठे? ज्याने घातलाय त्याला काढता येत नाही, असा तो शर्ट.

"दोंग, काढ हा."

फिलो खांबासारखा उभा. मग मीच पुढे झाले. "तातय अंबो, ऐका. या शर्टापायी मी आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतलीय आणि सिओ मॅडमच्या शिव्या खाल्ल्यात. गोर्यो उद्या जातोय. चादर हवी की शर्ट, ते सांगा."

म्हातारा घुश्शात बसला. शेवटी फिलोकडे बघून म्हणाला, "याला सांग, तिथे तोंड उघडायचं नाही."

गोर्योच्या अंगणात मांडव होता, पत्ते रंगात आले होते. खुर्ची आत येताना दिसली आणि जुने हमाल एकेक करून उठून उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "तातय, नवा शर्ट? झकास आहे." फिलोचे ओठ हलले. माझ्या हातात छत्री होती. मी तिचं टोक त्याच्या बरगडीला लावून ठेवलं.

शवपेटीच्या काचेखाली गोर्यो झोपलेला, पांढरा बारोंग घालून. तातय त्याच्याकडे बघत राहिले. गोर्योची बायको किरीना मागून आली, तिने म्हाताऱ्याला मिठी मारली आणि तिचा हात पाठीवरच्या बटणांना लागला.

"हे बरं केलंत," ती डोळे पुसत म्हणाली. "यांचे हात कडक झाले होते. पेटीवाल्याने बारोंग मानेपासून खालपर्यंत मागून फाडला, तेव्हा कुठे अंगावर चढला. पुढून कळत नाही."

तातयनी एकदा गोर्योकडे बघितलं, एकदा स्वतःच्या छातीकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं. झटका आल्यापासून त्यांना हसताना मी बघितलं नव्हतं.

"दोंग, इकडे ये," त्यांनी मुकादमाच्या आवाजात हाक मारली. पत्ते थांबले. "बघून सांग. गोर्योने घातलाय तो पुरुषाचा की बाईचा?"

फिलो काचेवर वाकला. नीट बघितलं. "पुढे बटणपट्टी आहे. डावी उजवीवर. पुरुषाचा."

"आणि माझा?"

आता छत्री काय कामाची? उत्तर मला ठाऊक होतं, मीच त्यावर सही केली होती. तपकिरी होजिअरी, पुढे पट्टी नाही, बटण नाही, काही नाही. फिलोने शर्टाकडे बघितलं, मग बापाच्या तोंडाकडे. अख्खा मांडव त्याच्याकडे बघत होता.

"पुरुषाचा," तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमचाही पुरुषाचा, तातय."

जन्मभर मी याच्यासाठी त्याच्याशी भांडले होते, आणि आता त्याने ते केलं तेव्हा माझ्याने त्याच्याकडे बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालाचा चुकीचा नंबर सांगितला होता. त्याचे कान लालभडक झाले होते.

तातयनी त्या लाल कानांकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग त्यांनी डावा हात उचलून काचेवर ठेवला.

"ऐकलंस ना, गोर्यो?" ते म्हणाले. "माझा मुलगा कस्टममध्ये आहे. तो कधी खोटं बोलत नाही."