पेठभर हिंडलेला गडू

आई गेली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

चूल पेटली नाही म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भात पाठवला. एका घरानं पाठवला म्हणून दुसऱ्यानं पाठवला, आणि दुसऱ्यानं पाठवल्यावर तिसरं घर मागं राहणं शक्य नव्हतं. (पुण्यात दुःखातही चढाओढ असते, आणि कुणाचं पिठलं पातळ होतं हे पुढे वर्षभर लक्षात ठेवलं जातं.) दिवसकार्य आटोपलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात आमची भांडी थोडी आणि नारायण पेठेची फार, अशी अवस्था झाली होती. कुठलं पातेलं कुणाचं, हे घरातल्या एकाच माणसाला सांगता आलं असतं. तिलाच विचारायची सोय उरली नव्हती.

माझे वडील, अण्णा, पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत. त्यांच्या हाताखाली मीही तेच शिकलो आणि तेच शिकवू लागलो. ज्यांचा या शास्त्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात उदाहरण द्यायचं झालं की घटाचं देतात. घट म्हणजे आपलं साधं मडकं. घट कशापासून होतो, घट आहे हे कशावरून कळतं, जमिनीवर घट नाही हे तरी कशावरून कळतं, यावर अण्णांची हयात गेली होती. घरातला एकही घट मात्र त्यांनी कधी जागचा हलवला नव्हता. मीही नाही.

माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी कोकणात होती. घर सांभाळायला थोरली बहीण, आक्का, वाईहून आली होती. तिच्या सासूचे निरोपावर निरोप येत होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिची बैलगाडी निघायची होती. पण तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. अण्णा जेवत नव्हते. पानावर बसत, दोन घास भात खात आणि उठत. धोतर कमरेला राहीनासं झालं होतं.

"नाना," आक्का मला म्हणाली, "अण्णा पोटभर जेवल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. मग सासूबाई घरात घेवोत की न घेवोत."

"मी काय करू?"

"त्यांना बाहेर काढ. पोथीसमोर बसून कुणाला भूक लागते? ही भांडी ज्याची त्याला देऊन या दोघं. सावकाश जा. चार माणसं भेटतील, पाय मोकळे होतील."

तिनं एकेका भांड्यात गुळाचा खडा टाकला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. मग सगळी भांडी एका टोपलीत रचली. निघता निघता मला बैठकीच्या कोनाड्यात, अण्णांच्या पोथ्यांमागे, एक पितळी गडू दिसला. पोटाला चांगला पोचा आलेला. हाही कुणाचा तरी राहिला असणार, म्हणून मी तो आपल्या बुद्धीनं टोपलीत घातला. (त्या दिवशी आपल्या बुद्धीनं मी एवढं एकच काम केलं. लक्षात असू द्या.)

अण्णांनी पगडी घातली, उपरणं घेतलं. मी टोपली कमरेवर घेतली आणि आम्ही पेठ पाहायला निघालो. पाहायला असंच म्हटलं पाहिजे. अण्णांचे रस्ते दोनच: घर ते पाठशाळा आणि घर ते नदी. आमच्या बोळाला डावीकडे वळण आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"हा हौद कधी बांधला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मुंजीच्या आधी."

"पाणी चांगलं आहे का?"

"अण्णा, आपण हेच पाणी पितो."

"असं?" म्हणून ते हौदाशी थांबले. कळशा भरणाऱ्या बायका पाहिल्या. श्रीमंत पेशव्यांचा एक हत्ती नदीवर निघाला होता, तो शेपटीसकट दिसेनासा होईपर्यंत पाहिला. पुढे कोपऱ्यावर गाय उभी होती. मी दमून टोपली खाली ठेवली आणि पगडी सारखी करू लागलो. अण्णांनी टोपलीतला एक गुळाचा खडा गाईला घातला. ती हलली नाही, म्हणून दुसरा घातला. माझी पगडी सारखी होईपर्यंत सगळ्या भांड्यांतला गूळ गाईच्या पोटात होता आणि अण्णांच्या चेहऱ्यावर पुण्य होतं.

पहिलं घर गोदाकाकूंचं. "काकू, यातलं तुमचं कुठलं?" मी विचारलं.

"ते काय, कल्हईचं पातेलं." काकूंनी आत डोकावून पाहिलं. "रिकामं?"

"गूळ होता. गाईनं खाल्ला."

"पातेल्यात तोंड घालून?"

"नाही, अण्णांच्या हातून."

काकूंनी अण्णांकडे पाहिलं. (इतर वेळी बोलल्या असत्या.) आत गेल्या आणि दोन भांडी घेऊन आल्या. "भावोजी, ही जानकीवहिनींची. संक्रांतीपासून माझ्याकडे राहिली होती."

(जानकी हे आईचं नाव.) एकात सांडगे होते, दुसऱ्यात मेतकूट. रिकामं न देण्याची रीत त्यांनाही ठाऊक होती.

"ही इथं यायची?" अण्णांनी विचारलं.

"रोज. तुम्ही पाठशाळेत गेलात की."

इथून सगळं बिघडत गेलं. पुढच्या घरी भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून मी त्यात काकूंचे सांडगे घातले. त्या घरातून आईची परात निघाली, परातीत कोहळा. तिसऱ्या घरी पातेल्यात कोहळा मावेना, म्हणून मेतकूट ओतलं, तर तिथून आईचे दोन डबे निघाले, आणि डबे भरण्यासाठी त्या बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवून ठेवलं. आई पेठभर भांडी उसनी देत आली होती. एक द्यावं तर दोन हाती येत. टोपली भरली. परात अण्णांनी घेतली. माझ्या उपरण्याच्या गाठोड्यात लाह्या बांधल्या. प्रत्येक दारात अण्णा तोच प्रश्न विचारत, "ही इथंही यायची?" आणि प्रत्येक दारात मी पोचा आलेला गडू पुढे करी. "हा तुमचा का?"

कुणाचाच नव्हता.

दाजीकाका नावाचे एक गृहस्थ दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावर लक्ष ठेवत. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, दुकान कधी काढलंत?"

"दुकान नाही," अण्णा म्हणाले. "लोकांची भांडी परत करतो आहोत."

"परत करताय? मगाशी गेलात तेव्हा टोपली अर्धी होती."

मी गडू पुढे केला. दाजीकाकांनी तो फिरवून पाहिला. "आमचा असता तर असा पोचा येऊ दिला नसता. ज्या कुणाचा असेल, त्याला वस्तूची किंमत नाही."

"खरं आहे," अण्णा मान हलवून म्हणाले. "कुणीतरी निष्काळजी माणूस."

पुढच्या चौकात चौकीवरच्या शिपायानं आम्हाला अडवलं. त्या सुमाराला पेठेतून भांडी चोरीला जात होती. दोन पगडीवाले, एकाच्या हातात परात, दुसऱ्याच्या कमरेवर टोपली, आणि दोघं दर घराशी थांबून आत डोकावतायत. त्याच्या जागी मी असतो तरी अडवलं असतं.

"भांडी कुणाची, महाराज?"

अण्णा जन्मात खोटं बोलले नव्हते. "ठाऊक नाही."

"कुठनं आणली?"

"घरोघरची आहेत."

"कुणाच्या घरची?"

"तेच तर विचारत फिरतो आहोत."

मला वाटलं आता आपण बोललं पाहिजे. "यातली बरीचशी आमची आहेत," मी म्हणालो.

"कुठली?"

मी टोपलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे पहा," अण्णा माझ्या मदतीला आले. "धनी कोण हे कळत नाही, एवढ्यावरून चोरी झाली असं सिद्ध होत नाही. तुमच्या अनुमानात दोष आहे."

"दोष चौकीत काढू," शिपाई म्हणाला. "चला."

चौकीच्या पायरीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. अण्णांनी चौकीही कधी पाहिली नव्हती, ती ते पाहत होते. मी मात्र आक्काची गाडी आणि अण्णांचं रिकामं पोट आठवून घाबरलो होतो. म्हाताऱ्याला भूक लागावी म्हणून बाहेर काढलं आणि कोठडीच्या दारात आणून बसवलं, हे आक्काला कसं सांगायचं? तेवढ्यात समोरून गोदाकाकू आल्या. त्यांच्यामागे अर्धी पेठ होती. दाजीकाकांनी ओट्यावरून न उठता बातमी पोचवली होती.

"अहो शिपाईबुवा," काकू म्हणाल्या, "या दोघांना स्वतःच्या घरातलं मीठ सापडत नाही. यांना दुसऱ्याचं पातेलं कुठून सापडणार? यांना चोरी जमली असती, तर जानकीवहिनींना एवढी काळजी कशाला राहिली असती?"

आमच्या बाजूनं दिलेली एवढी पक्की साक्ष मी पुन्हा ऐकली नाही. शिपायालाही ती पटली. मग त्यानं गडू उचलला. "हा कुणाचा?"

गडू बायकांच्या या हातातून त्या हातात गेला. प्रत्येकीनं तो उलटा केला, सुलटा केला, बोटानं वाजवला. कुणीच घेईना.

"धनी नसला तर चौकीत जमा," शिपाई म्हणाला.

"ठेवून घ्या," अण्णा म्हणाले.

"ठेवायचा नाही," काकूंनी गडू त्याच्या हातातून काढून घेतला. "वहिनींच्या घरातून निघालाय ना? तिथंच राहू दे. ज्याचा असेल तो मागायला येईल." आणि आल्यासरशी आईची घरोघर राहिलेली आणखी भांडी बायकांनी आमच्या हवाली केली. रिकामं एकही नव्हतं. टोपली आम्हा दोघांनाही उचलेना, म्हणून घरापर्यंत ती शिपायानंच आणून दिली.

आक्का दिवेलागणीला दारात उभी होती.

"भांडी द्यायला पाठवलं होतं," ती म्हणाली.

"दिली."

"मग हे काय?"

"ही आपली."

तिनं परात हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि आत गेली. आम्ही दमलेलो दिसलो म्हणून तिनं आधी दूध तापवलं. हाताशी होता तो गडू विसळून त्यात ओतलं आणि अण्णांना नेऊन दिलं. ते बैठकीत अंधारात भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी गडू धरला आणि तसेच थांबले.

"नाना, हा टोपलीत कुणी घातला होता?"

"मी. कुणाचा ते काही कळलं नाही."

"माझा आहे."

आक्का आणि मी पाहतच राहिलो.

"समई मालवली की ती यातून दूध आणून द्यायची," अण्णा म्हणाले. "अंधारात. हे बघ, अंगठा इथं बसतो." अंगठा पोच्यात अगदी बरोबर बसला होता. "लग्न झालं त्या वर्षी माझ्याच हातून पडला होता. मी म्हटलं, नवा घेऊ. तर म्हणाली, कशाला, धरायला सोय झाली."

आक्का म्हणाली, "म्हणजे आपलाच गडू घेऊन तुम्ही अख्ख्या पेठेला विचारत फिरलात?"

"दाजीकाका म्हणाले, धन्याला वस्तूची किंमत नाही," मी सांगितलं. "अण्णा म्हणाले, खरं आहे."

अण्णा आधी गालातल्या गालात हसले. मग मोठ्यानं हसले. मग उपरण्यानं डोळे पुसू लागले, आणि ते कितीतरी वेळ पुसत होते. दूध संपवून त्यांनी गडू खाली ठेवला.

"आक्का, सांडगे उरले आहेत का? तळ थोडे."

त्या रात्री त्यांनी भात मागून घेतला. आक्काची गाडी पहाटे वेळेवर निघाली.

या श्रावणात अण्णाही गेले. पुन्हा पिठलं-भात आला, पुन्हा भांडी साठली. माझी बायको ती एकटी परत करून आली. मला टोपलीला हात लावायची बंदी आहे. शिष्यांना घट मीच शिकवतो. गडू कोनाड्यात आहे. तांबटाकडून त्याच्यावर आमचं नाव घालून घेतलं आहे, म्हणजे मला ओळखू येईल.