कापलेले तुकडे

सगळे त्यांना ऑपरेटर म्हणत. थिएटर बंद पडून जमाना लोटला, तिथे फर्निचरचं दुकान आलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, भिंतीतल्या चौकोनी भोकाआडच्या खोलीत सिनेमाचं मशीन चालवत त्यांनी उभा जन्म काढला. सिनेमाचं वेड म्हणून ही नोकरी धरली, असं लोकांना वाटे. खरं कारण साधं होतं. त्या खोलीत कुणाशी बोलावं लागत नसे. ऑपरेटर लहानपणापासून अडखळत बोलत. पहिलं अक्षर जिभेवर येऊन ठाण मांडे आणि हलायचं नाव घेत नसे.

अडखळण्यापेक्षा त्यांना चीड होती ती लोकांच्या मदतीची. त्यांनी ‘च’ म्हणून मान ताणली, की समोरचा ‘चहा? चावी? चप्पल?’ असा सुटायचा. बायको होती तोवर तीही मोठ्या मायेने त्यांची वाक्यं पुरी करी, आणि त्यापायी नको असलेली भाजी आठवडाभर ताटात पडे. शेवटी त्यांनी कानाला खडा लावला, होता होईतो बोलायचंच नाही. फोनवर तर ते बोलतच नसत. उचलायचा आणि नखाने वाजवायचं. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घरात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मुलीला त्यात काही वावगं वाटत नसे.

ही मुलगी धरणाच्या कामावर इंजिनिअर. तिची बदली लांब डोंगरात झाली. तिथे इंटरनेटच्या नावाने शंख, साधा मेसेज कसाबसा पोचायचा, आणि फोन लावायचा तर क्वार्टरमागच्या उतारावर चढून जायचं. नुकती शाळेत जायला लागलेली चिमी, म्हणजे ऑपरेटरची नात, अर्थातच आईबरोबर जाणार होती. चिमीने आजवर हजारदा गोष्ट मागितली होती आणि ऑपरेटरनी हजारदा कागदावर चित्र काढून वेळ मारून नेली होती. आता ही पोर आपल्याला टकटक करणारा म्हातारा म्हणून लक्षात ठेवणार, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

एकटे असताना त्यांची जीभ जरा बरी चाले. मुलगी कामावर आणि चिमी शाळेत गेली की ते कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसत आणि चिमीसाठी थिएटरातल्या गोष्टी सांगून रेकॉर्ड करत. गरम मशीनच्या उबेला झोपणारं मांजर एकदा उजेडाच्या झोतात शिरलं आणि खलनायकाच्या डोक्यावर कानांची सावली पडली, ती गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी सांगितली. अडखळणं तिथेही होतंच, पण त्यावर ऑपरेटरकडे इलाज होता. तुटलेली फिल्म कापून सांधणं हा त्यांच्या हातचा मळ. कॉम्प्युटरवर तसंच कापायचा प्रोग्राम मुलीने दाखवला होता. जिथे जीभ अडली, जिथे वैतागून तोंडून शिवी गेली, तो तो तुकडा त्यांनी छाटला. प्रोग्राममध्ये गोष्ट चालवून पाहिली. पाण्यासारखं बोलणारा एक माणूस समोर होता. ऑपरेटर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चिमीचा टॅबलेट केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि गोष्टींचं फोल्डर उचलून त्यात टाकलं. हिरवी पट्टी भरेपर्यंत जागचे हलले नाहीत. मशीन चालू असताना खुर्ची सोडायची नाही, ही जुनी शिस्त. मग टॅबलेटवर गोष्टी उघडून चित्र नीट आलंय का ते तपासलं. आवाज मात्र बंद ठेवला. स्वतःचा आवाज परत ऐकायची त्यांना हौस नव्हती.

मायलेकी गेल्या. पुढच्या रविवारी मुलीचा फोन आला.

“बाबा, चिमीला मांजराची गोष्ट तोंडपाठ झालीय. तुम्ही मध्येच अडता आणि कॉम्प्युटरला शिवी घालता ना, तीसुद्धा!”

फोन ठेवून ऑपरेटर कॉम्प्युटरपुढे बसले आणि शोधता शोधता त्यांना दुसरंच एक फोल्डर सापडलं. छाटलेल्या, गुळगुळीत गोष्टी तिथे जशाच्या तशा पडून होत्या. प्रोग्रामने कापलेली गोष्ट निराळी ठेवली होती आणि मूळ व्हिडिओला हातही लावला नव्हता. हे ऑपरेटरच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यांच्या हिशेबी कापलं म्हणजे कापलं. तुकडा खाली पडतो, संध्याकाळी झाडूवाला घेऊन जातो. जन्मभर झाकलेलं त्यांनी स्वतःच्या हाताने भरून नातीला दिलं होतं.

त्यांनी मुलीला मेसेज केला. ‘ते पुसून टाक. चांगले पेनड्राइव्हवर भरून पाठवतो.’

संध्याकाळी मुलगी पुन्हा उतारावर चढली.

“बाबा, पुसायला गेले तर तिने टॅब पोटाशी धरला. ऐका तरी. तुम्ही अडलात की मी शब्द सांगायला जाते, सवयच लागलीय मला. तर ती माझ्या तोंडावर हात ठेवते. म्हणते, थांब, आबा सांगतायत.”

ऑपरेटरनी टक केलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यासाठी घरात काही खूण ठरलेली नव्हती.

“आबा,” आता फोन चिमीकडे होता. “मग थिएटरच्या मालकांनी मांजराला हाकललं?”

त्यांनी दोनदा टकटक केलं.

“टकटक नको. सांगा.”

ऑपरेटरनी फोन कानाशी घट्ट धरला. “म,” ते म्हणाले, आणि मानेची शीर ताणली गेली. “म... म...”

पलीकडून कुणी ‘मालक’ म्हणालं नाही. कुणी ‘मांजर’ही म्हणालं नाही. उतारावरचा वारा तेवढा ऐकू येत होता, आणि नाक चोंदलेल्या पोरीचा श्वास.

“मालकांनी,” ऑपरेटर म्हणाले, “त्याला तिकीट दिलं.”