भागीरथीबाईंच्या मागचा आवाज

"थांबा. परत ऐका," सबनीस म्हणाले आणि त्यांनी टेप मागे घेतली.

पुन्हा तेच. भजन सुरू होण्याआधीच्या शांततेत कुणीतरी हळूच ओळ म्हणत होतं. मग तीच ओळ भागीरथीबाई खणखणीत गात होत्या.

"बाईंना मागून कुणीतरी शब्द सांगतंय. पाठांतर नसलेली गायिका कंपनीला चालणार नाही."

बाजार नुकताच खुला झाला होता. कॅसेट कंपन्या नवे गळे शोधत गावोगाव फिरत होत्या. सबनीस पुण्याच्या अशाच एका कंपनीचे. मी बीडच्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट. भागीरथीबाई धर्मापुरीच्या किराणा दुकानदाराच्या, शिवाप्पांच्या पत्नी; दोघं घरची कॅसेट घेऊन आमच्या स्टुडिओत आले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भजनं सगळी तोंडपाठ.

"माज्या मागं कशाला कुणी ऱ्हाईल?" बाई कडाडल्या. म्हणजे कडाडायला गेल्या, पण आवाज फुटेना. सप्ताहात सलग गाऊन घसा पार बसला होता. त्यामुळे आत्ता गाऊन दाखवा म्हणायची सोय नव्हती, आणि सबनीसांना संध्याकाळची एसटी धरायची होती.

मी म्हणालो, "साहेब, हे रेकॉर्डिंग मीच केलंय. खोलीत आम्ही दोघंच होतो. साथीलाही कुणी नव्हतं."

"तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलणार."

मला सणसणून राग आला. पडताळून पाहावं तर मूळ टेप आम्ही केव्हाच पुसून पुन्हा वापरली होती. होती ती एवढीच कॅसेट. मी तिची डबी उचलली. वर कुंकू होतं, कडेला काजळी.

"शिवाप्पा, ही कुठं ठेवली होती?"

"देव्हाऱ्यात, दिव्याशेजारी. महादेवाचं गाणं हाय. उन्हाळाभर हात लावला न्हाई कुणी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर. आवाज त्या थरात चुंबकत्वाच्या रूपाने राहतो. टेप गुंडाळली की एक वेढा दुसऱ्यावर बसतो, आणि जोरकस आवाजाचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडंसं उमटतं. ऊब असली आणि टेप बरेच दिवस न हलता पडली, तर जास्तच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

"हा दुसरा माणूस नाही, साहेब. बाईच आहेत, एक वेढा आधी. गुंडाळी बारीक आहे तिथे कुजबुज आणि गाणं यांत अंतर कमी पडेल, जाड आहे तिथे जास्त. घड्याळ लावा."

सबनीसांनी लावलं. एका टोकाचं भजन ऐकलं, मग दुसऱ्या टोकाचं. अंतर सरळ दुप्पट झालं. मग मी टेप चार-पाच वेळा पुढे-मागे पळवली. असा उमटलेला आवाज कच्चा असतो, वेढे हलले की विरतो. पुन्हा लावली तर कुजबुज कान देऊन ऐकावी लागत होती.

"मागून सांगणारा असा दमत नसतो," सबनीस म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "घसा मोकळा झाला की पुण्याला या, बाई."

शिवाप्पांनी डोळे पुसले. बाई मात्र विचारात होत्या.

"म्हंजी दादा, मीच मला सांगत होते?"

"हो."

"मग चुकीचं तर न्हाई ना सांगितलं कुटं?"

एकही शब्द चुकला नव्हता.

त्यांची कॅसेट निघाली आणि परळीपर्यंत वाजली. पहिली प्रत घेऊन शिवाप्पा मला पेढे द्यायला आले. मी बजावलं, टेप थंड जागी ठेवा, अधूनमधून वाजवा. त्यांनी मान डोलावली. पुढे मी धर्मापुरीला गेलो, तेव्हा कॅसेट देव्हाऱ्यातच होती. दिवा तेवढा त्यांनी पलीकडे सरकवला होता.